उरलेला ठेका

टण्.

मग लगेच, तितक्याच हलक्या हातानं, परत एकदा. टण्. आणि मग काहीच नाही.

रेश्माचे दोन्ही हात ज्वारीच्या पिठात होते. बारा वाजून गेलेले, वीज गेलेली, पंखा थांबलेला. सोलापुरात वैशाखातली दुपार अशी असते की गल्लीतली कुत्रीसुद्धा भुंकायचा कंटाळा करतात, नळाखालच्या ओलीत पोट टेकून पडतात. अशा वेळी बाहेरच्या खोलीत स्टीलच्या ताटावर एक बोट वाजलं, तर ते सगळ्या घरात वाजतं.

ती श्वास धरून उभी राहिली. आपण कशाची वाट बघतोय हे तिच्या ध्यानात यायच्या आत ते आलं. ताटाच्या मधोमध, खोल, जाड.

दोन बारीक, एका श्वासाचा थांबा, एक जाड.

हा ठेका या घरात पावणेतीन वर्षांत वाजला नव्हता. वाजवणारा माणूसच उरला नव्हता.

पिठाचे हात तसेच घेऊन रेश्मा बाहेर आली. बनू भिंतीकडं तोंड करून बसली होती. पुढ्यात पालथं ताट, डावा हात ताटावर. येत्या श्रावणात पोर चार वर्षांची व्हायची होती. तिच्या डोक्यावर, भिंतीतल्या दांडग्या खुंटीला, आजाचा ढोल टांगलेला होता.

"बने, कुणी शिकवलं तुला हे?"

"आजानं."

"करमाळ्याच्या आजानं?" रेश्माचे वडील करमाळ्याला असत. मागल्या महिन्यात बनू त्यांच्याकडं चार दिवस राहून आली होती. तिकडं काही ऐकलं असेल, असं रेश्मानं स्वतःला सांगून बघितलं.

"न्हाई गं. इथल्या आजानं." बनूनं ढोलाखालची फरशी दाखवली. फरशीवर काही नव्हतं. पूर्वी तिथं एक लोखंडी कॉट होती. सासरे तिच्यावरच गेले, आणि त्यानंतर ती शेजारच्यांनी नेली.

"बरं, ऊठ. हात धू. जेवायचंय."

बनू उठली. ताट उचललं आणि स्वयंपाकघराकडं निघाली. सरळ यायची वाट होती, मोकळी फरशी. पण पोर सरळ आली नाही. भिंतीपासून लांब, कडेकडेनं, कॉट जिथवर होती तिथवर वळसा घालून आली. गुडघा लागू नये म्हणून माणूस जसं अंग चोरतं, तसं तिनं कोपऱ्याशी अंग चोरलं.

रेश्माच्या हातावरचं पीठ वाळून तडकायला लागलं होतं.

*

रेश्माचे सासरे धुळाप्पा. ती त्यांना मामा म्हणे. मूळचे अक्कलकोटच्या खालचे, कानडी मुलखातले धनगर. बापाच्या मागं मेंढरं हाकत ते नान्नजच्या माळावर आले आणि तिथलेच झाले. अकरा वर्षांचं पोर असताना, गवत गुडघ्याला आलेल्या दिवसांत, भर दुपारी मेंढरं बसलेली असताना त्यांनी एक आवाज ऐकला. रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी हुंकार द्यावा तसा. आधी दोन बारीक आवाज, मग जरा थांबून तो मोठा हुंकार. माळढोक होता. नर गळ्याची पिशवी फुगवून मादीला हाक घालत होता. पण पोराला वाटलं, बिरोबाच बोलला.

"आनि काय चुकलं माजं?" म्हातारपणी ते रेश्माला विचारायचे. "देव काय देवळात बसून ऱ्हातो व्हय? देव माळावर ऱ्हातो, पोरी. देवळात निस्ता भेटायला येतो, आपल्यासारकाच."

त्या आवाजावर त्यांनी ठेका बांधला. बाकीचे ठेके ते सगळ्यांसाठी वाजवत. जत्रेत पन्नास माणसं गोल करून गजी नाचायला लागली की धुळाप्पांच्या ढोलानं पायाखालची माती उडे. पण माळाचा ठेका वर्षातनं एकदाच, एकट्यानं, दुपारच्या बाराला, गवताकडं तोंड करून. लग्नात नाही, मिरवणुकीत नाही. एकदा कुणा पुढाऱ्याची माणसं जीप घेऊन दारात आली होती. धुळाप्पा म्हणाले, "जीपमंदी ढोल मावंल वो. माळ कुटं मावनार?" ती माणसं हसत चहा पिऊन गेली.

पुढं माळावर तारांची कुंपणं आली, झाडं लावली, प्लॉट पडले. पाखरू दिसेनासं झालं. तरी दर साली ते ठेका वाजवत आणि वाजवून झाल्यावर कान देऊन थांबत. माळावरून हुंकार यायचा केव्हाच बंद झाला होता, पण त्यांचं थांबणं बंद झालं नाही. ठेका आपल्याबरोबर जाऊ द्यायचा नाही, कुणाच्या तरी हातात ठेवूनच जायचं, असा शब्द त्यांनी बिरोबाला दिला होता. मुलाच्या, महेश्वरच्या, हातात तो बसला नाही. महेश्वरला स्टिअरिंग आवडायचं. तो टेम्पो चालवायला लागला, चादरींचे गठ्ठे घेऊन टेंभुर्णीपर्यंत जायचा, यायचा.

सासूबाई गेल्या, मेंढरं गेली, तेव्हा म्हातारा ढोल घेऊन शहरात लेकाकडं आला. समोरच्या रिकाम्या प्लॉटमधलं गवत बघत गच्चीवर बसे. "ती कुसळी. ती पवन्या. आनि त्यो कडंचा मारवेल, मेंढरू त्याच्यासाटी मान मोडून घेतंय." रेश्माला तोवर गवत म्हणजे गवतच होतं. लग्न होऊन आलेल्या पोरीला कुणी इतक्या मायेनं काही शिकवत नाही. ती धुणं वाळत घालताना मुद्दाम वेळ लावायची.

मग तो पौष आला. बनू पाच महिन्यांची. एका सकाळी मामांचं उजवं अंग गेलं, जीभही गेली. उरला डावा हात. ढोलावर उजव्या हातात काठी असते, डावा हात उघडा असतो. माळाचा ठेका सगळा त्या उघड्या हाताचा.

दुपारचं जेवण झालं की ते रिकाम्या ताटावर बोटं वाजवायचे. दोन बारीक, थांबा, एक जाड. परत. परत. महिनोन् महिने. रेश्मा त्यांचं तोंड पुसायची, कूस बदलायची, आणि एकदा, आषाढाच्या तोंडाला, काय मनात आलं कोण जाणे, तिनं हातातल्या चमच्यानं त्यांच्या ताटावर तोच ठेका वाजवून दाखवला. गंमत म्हणून. दोन बारीक, थांबा, एक जाड. म्हाताऱ्याचं अर्धं तोंड हसलं. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तिचा चमच्याचा हात धरला, बराच वेळ धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी बनूला दात येत होते, अंगात कणकण होती. दोन रात्री रेश्माच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. दुपारी बाराला पोर पाळण्यात कशीबशी निजली. पाळणा कॉटच्या पायथ्याशी बांधलेला. आणि ताटावर बोट वाजलं. टण्.

रेश्मा उठली. डोहाळजेवणाच्या हिरव्या साडीचं एक फाटकं फडकं होतं. त्याची चौपदरी घडी तिनं ताटावर, मामांच्या हाताखाली ठेवली.

"मामा, पोर निजलीय. थोडं हळू."

म्हाताऱ्यानं तिच्याकडं बघितलं. मग फडक्याकडं. मग बोटं हलली. आवाज आला नाही.

एकोणीस दिवस रोज दुपारी ती घडी तिथं असे. एकोणीस दिवस रोज बारा वाजता त्यांची बोटं फडक्यावर चालत, आणि शेवटी तळहात पसरून दाबला जाई. रेश्माला वाटे, पाणी मागताहेत. ती भांडं तोंडाला लावायची. ते निमूट प्यायचे.

विसाव्या दिवशी पहाटे ते गेले. अंथरुणाबरोबर फडकंही जळून गेलं. महेश्वर त्या सबंध महिन्यात दुपारचा कधी घरी नव्हता. ती घडी कुणी पाहिली नव्हती, आणि रेश्मानं कुणाला सांगितली नव्हती.

*

बनूचं ताट वाजवणं रोजचं झालं. रोज दुपारी, घड्याळ लावल्यासारखं. रेश्मानं ताटं वर फडताळात ठेवली, तर ती डब्याच्या झाकणावर वाजवायची. झाकण काढून घेतलं तर फरशीवर. नखानं. अंगणवाडीतल्या बाई म्हणाल्या, पोरगी बाकीच्यांत खेळत नाही, भिंतीकडं बघत बसते.

जेवणही तुटलं. दोन घास घेऊन ताट सरकवायची. डॉक्टरांनी जीभ बघितली, पोट दाबलं, म्हणाले, ऊन बाधलंय, सरबत पाजा. सरबत ओठाबाहेर आलं.

"पोट दुखतंय का, बाळा?"

"न्हाई."

"मग खात का न्हाईस?"

"आजाचं झालं न्हाई अजून," बनू म्हणाली. मोठी माणसं हातातलं काम दाखवून थांब म्हणतात, त्या सुरात. "आजा म्हणतो, आधी सगळं वाजव, मग जेव. पण आवाजच येत न्हाई पुढचा. लई हळू वाजवतो तो."

रेश्माच्या हातातला घास हातातच राहिला. पोरीला तिनं छातीशी घेतलं, केस मागं सारले, कपाळ हुंगलं. ताप नव्हता. कपाळ गार होतं, बाहेर त्रेचाळीसचं ऊन असताना माठाच्या बुडासारखं गार. आणि पोर तिच्या कुशीत डोळे मिटून पडलेली असताना तिच्या पाठीवर, ब्लाउजच्या कडेशी, ती इवली बोटं चालू होती. दोन बारीक. थांबा. एक जाड.

महेश्वरला तिनं सांगितलं तेव्हा तो आधी हसला.

"उन्हानं ढोलाचं पान ताणतंय, रेश्मे. चामडंच ते. टक्कन वाजत असंल मधनंच. पोरीनं ऐकलं, उचललं. आबांची नात हाय, आनि काय."

"टक्कन वाजणं वेगळं आणि ठेका वेगळा."

"तूच वाजवत असशील भांडी घासताना. तुझ्या तर कानात बसलाय तो."

"मी?" ती एवढी जोरात बोलली की त्यानं विषय तिथंच सोडला.

पण रविवारी तो घरी होता. दुपारी चहाचा कप घेऊन तो ढोलाखालच्या फरशीवर, भिंतीला टेकून बसायला गेला. बनू धावत आली, त्याच्या शर्टाला धरून मागं ओढलं.

"पप्पा, पायावर बसाल की आजाच्या!"

महेश्वर बसला नाही. कप तसाच हातात धरून उभा राहिला, आणि चहावर साय धरली तरी प्यायला नाही. मग दाराबाहेर जाऊन त्यानं आत्याला फोन लावला. रेश्मानं स्पीकर चालू करायला लावला.

महादेवीआत्या धुळाप्पांची धाकटी बहीण. सत्तरीची, अजून माळावरच राहणारी, अजून बारा-पंधरा मेंढरं राखणारी. फोनवर ती नेहमी पलीकडच्या डोंगरावरच्या माणसाशी बोलावं तशी ओरडून बोले.

"काय रं महेश्या! आटवन आली व्हय? मला वाटलं त्या टेम्पोलाच विकलंस का काय सोताला!"

"आत्या, ऐक जरा. आबांचा ढोल..."

"व्हय, काय झालं ढोलाला? सोडला न्हवं त्याला?"

महेश्वरनं दारातनं आत, खुंटीकडं बघितलं.

"आरं, बोल की मुडद्या."

"टांगलाय, आत्या. तसाच हाय."

पलीकडून मेंढराचं एक बें ऐकू आलं. आत्याचा आवाज आला तेव्हा तो खाली आलेला होता. ती ओरडत नव्हती, आणि तेच जास्त वाईट होतं.

"तीन वर्सं ताणून ठिवलास? ढोल्या मेला की तेराव्याला त्याचा ठेका एकदा देवाम्होरं वाजवायचा आनि दोऱ्या सोडायच्या. पान मोकळं करायचं. तवा मानूस सुटतो. न्हाईतर त्यो हात लावून बसतोय. तुला ठावं न्हवतं?"

"ठावं होतं. पण वाजवायचा कुणी? मला येत न्हाई तो. तुला येतो का?"

"बायकांनी कवा हात लावलाय ढोलाला? ऐकला तर वळखीन. रांगंत उबा क्येला तरी वळखीन. पर हात न्हाय माजा."

"मग कोण वाजवणार?"

"ज्याच्या हातात त्यानं ठिवला, त्यो. सगळा ठिवला आसंल तर. आनि येक ध्यानात ठेव, देवाम्होरं जो वाजवंल त्याचाच त्यो जलमभर. त्याला मग सुटका न्हाय."

रेश्मानं बनूकडं बघितलं. पोर दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. चौकटीवर डावा हात. बोटं हलत होती.

"मी वाजवीन, आत्याबाई," रेश्मा म्हणाली. "मला येतो."

महेश्वर तिच्याकडं बघत राहिला. पोरीच्या गळ्यात हे पडण्यापेक्षा आपल्या पडलेलं बरं, एवढंच तिच्या मनात होतं. शिकवला तर आपल्यालाच होता. चमच्यानं वाजवलेला बघून ते हसले होते की नाही? मग आपल्याच हातानं फेडू. आपल्याच हातानं सोडू.

*

मंगळवारी सकाळी टेम्पोच्या हौद्यात जुन्या चादरीवर ढोल ठेवून तिघं निघाली. हौद्यात बसू दिलं नाही म्हणून बनू मागच्या काचेला नाक लावून ढोलाकडंच बघत होती. नान्नज मागं पडलं, डांबर संपलं, आणि कुंपणांच्या पलीकडं माळ उघडा पडला. वाळून पिवळा, मधनंच तरवडाची झुडपं, वर चंडोल. चंडोल दिसत नव्हते, पण वरून कुणी बारीक खडे ओतावेत तसा त्यांचा आवाज येत होता.

आत्या काठी टेकून हिवराच्या झाडाखाली उभी होती. झाडाच्या बुडाशी भंडाऱ्यानं पिवळे झालेले चार दगड, तोच बिरोबा. मेंढरं सावलीत डोकी खाली घालून एकमेकांच्या पोटाखाली ऊन चुकवत होती. आत्यानं आधी बनूला जवळ घेतलं, बोटं मोडली.

"किती वाळलीस गं, लेकरा. हाडंच र्‍हायली की." मग रेश्माला. "आनि तू वाजवनार व्हय? बिरोबा म्हनंल, ही कुटली नवी ढोल्या. पाटलीणबाईवानी बांगड्या भरून आलीय."

"काढू का बांगड्या?"

"राहूदे. त्याला बी ऐकूदे कवातरी बायकांच्या बांगड्या."

रेश्माला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून भीती जरा कमी झाली. महेश्वरनं ढोल दगडांपुढं मांडला, वर भंडारा उधळला. "बिरोबाच्या नावानं चांगभलं," आत्या म्हणाली, नेहमीपेक्षा हळू. सावली झाडाच्या बुडाशी गोळा झाली होती. बारा वाजले होते. ऊन इतकं होतं की लांबच्या तारांचे खांब पाण्यात असल्यासारखे हलत होते. महेश्वर दोऱ्यांच्या गाठीवर हात ठेवून बसला. ठेका संपला की गाठ सोडायची होती.

रेश्मानं डावा हात पानावर ठेवला. चामडं तापलेलं होतं, पण तापलेल्या वस्तूसारखं नाही. माणसाच्या अंगासारखं.

दोन बारीक.

थांबा.

एक जाड.

आवाज गवतावरून सरकत गेला. आत्यानं मान डोलावली. "व्हय. ह्योच. आता म्होरलं."

"म्होरलं?"

"आगं, ही तर हाक झाली. म्होरं त्येचं उत्तर असतंय. दादा दोन्ही वाजवायचा. आदी नराचं, मग मादीचं. ती कवा बोलत न्हाय, पाखरू मुकंच, म्हनून दादा तिचं आपल्या मनानं वाजवायचा. ते वाजव."

रेश्माचा हात पानावर होता तिथंच राहिला.

चमच्यानं वाजवलेली हाक. म्हाताऱ्याचं अर्धं हसू. उद्यापासून हिला पुढचं देऊ, असं ठरवून झोपलेला माणूस. आणि उद्या. हिरवी घडी.

"मला... मला तेवढाच येतो, आत्याबाई."

"मग सगळा न्हाय ठिवला त्यानं," आत्या म्हणाली. तिचा चेहरा सुरकुत्यांत आणखी आत गेला. "र्‍हायलाच मग."

महेश्वरनं गाठीवरचा हात काढला.

तेव्हा चंडोल थांबले. एकेक करून नाही, एकदम. रेश्माला आधी कळलंच नाही काय बदललं. मग मेंढरांनी माना वर केल्या. बारा-पंधरा माना, एकाच वेळी. सगळी एकाच दिशेला बघायला लागली, रेश्माच्या मागं, जिथं वाळल्या गवताशिवाय काही नव्हतं. वारा पडलेला होता. तरी मागं गवत चुरचुरलं. कुणी तरी जड अंगाचा माणूस, एक पाय ओढत, येऊन खाली बसावा तेवढा वेळ चुरचुरलं, आणि थांबलं.

"मागं वळू नगं," आत्या ओठ न हलवता म्हणाली.

बनू पुढं आली. रेश्मानं तिला अडवायला हात उचलला, पण पोर त्या हाताखालून गेली, ढोलाशी मांडी घालून बसली, आणि कुणीतरी काही दाखवतंय तसं एकदा मान वळवून गवताकडं बघितलं. मग डावा हात पानावर ठेवला.

तीन बारीक, इतके लागून की बसल्या पाखरानं नुसते पंख झाडावेत. थांबा. लांब, इतका लांब की रेश्माला वाटलं संपलं. एक हलका, बोटाच्या मागच्या बाजूनं. आणि मग, बोटांनी नाही, सबंध तळहात पसरून, दाबून, खाली धरून ठेवून...

हूंम्.

रेश्माला तो तळहात ओळखू आला. एकोणीस दुपारी तिनं त्या तळहाताला पाणी पाजलं होतं.

आत्यानं पदर तोंडात धरला होता. "ह्योच," ती म्हणत होती. "ह्योच की गं. दादाचा. वळखते मी. सगळा. आगं, सगळा ठिवला की त्यानं. कुनी म्हनलं र्‍हायला..."

महेश्वर घाईनं गाठीकडं वाकला. आणि तसाच थांबला. भर बाराच्या उन्हात चामडं ताणायचं सोडून उतरलं होतं. दोऱ्या ढिल्या पडून लोंबत होत्या. गाठ तशीच होती, कुणी हात लावलेला नव्हता, पण तिच्यात आता आवळायला काही उरलं नव्हतं. त्यानं पानावर बोट मारून बघितलं. ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखं वाजलं.

वर एक चंडोल सुरू झाला. मग दुसरा. मेंढरांनी माना खाली घातल्या. त्यातलं एक शिंकलं.

"आई, भूक लागली," बनू म्हणाली.

रेश्मा खाली बसली, पोरीला ओढून मांडीवर घेतलं, हात बघितले, गाल बघितले, कपाळाला कपाळ लावलं. कपाळ तापलं होतं, उन्हात खेळलेल्या पोराचं तापावं तसंच. बोटं गप्प होती. दोन्ही हातांची दहाही बोटं. रेश्मा हसत होती आणि रडत होती आणि फडक्यात बांधलेली भाकरी सोडत होती, सगळं एकाच वेळी. कडक भाकरीचा तुकडा, वर शेंगाचटणी. बनूनं तो दोन्ही हातांनी धरला आणि कडाकडा चावायला लागली. एक संपवला. दुसरा मागितला. आठ दिवसांत पोर अशी जेवली नव्हती.

"हळू गं, बाळा. ठसका लागंल. अजून आहे."

"म्हसरावानी खातीया बघ," आत्या डोळे पुसत म्हणाली. "ढोल्याची भूक हाय ती. दादा बी वाजवून झालं की चार भाकरी उडवायचा." तिनं कनवटीचा भंडारा काढून बनूच्या कपाळाला लावला. त्याचा अर्थ काय, हे आता कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती. जन्मभराचं ते पोरीच्याच पदरात पडलं होतं. रेश्मानं ते कपाळ बघितलं, आणि राग यायला हवा होता तो आला नाही. जिवंत आहे, जेवतेय. बाकीचं पुढं बघू.

महेश्वर ढोलाचं पान उतरवत होता. माळावर ऊन तसंच होतं. मागं, गवतात, एक जागा दबलेली होती, माणूस बसून उठल्यासारखी, आणि त्यातली एकेक काडी हळूहळू सरळ होत होती. रेश्मानं तिकडं बघितलं आणि मग मुद्दाम बघितलं नाही.

भाकरी बांधून आणलेलं फडकं तिच्या मांडीवर पडलं होतं. बनूनं खाता खाता ते उचललं. एका हातानं, लहान पोराला जमेल तसं, दुमडलं. परत दुमडलं. चौपदरी. मग ते आईच्या गुडघ्यावर नीट ठेवलं, वर आपला तळहात पसरून दाबला, आणि चटणीनं लाल झालेल्या तोंडानं वर बघितलं. रुसलेली नव्हती, रागावलेली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"आई, हे एवढंच तर वाजवत होता आजा. तू त्याच्या हाताखाली फडकं का ठेवलंस?"